पदोन्नतीचा उसना नंबर

मु. पो. कोंढा, ता. पवनी
बुधवार, दुपार

नंदलालजींना सोमाजीचा राम राम.

तुमची आणि रुखमिणीबाईंची तब्येत ठीक आहे असं धरून चालतो. नसती तर तुमच्या ताईला फोन आला असता, आणि तुमची ताई माहेरची बातमी माझ्यापासून लपवून ठेवत नाही. खाणीत तीस वर्षं उतरचढ केलेल्या तुमच्या गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याचा शेक द्यावा (हे रीनाने सांगितलं आहे, माझ्या मनाचं नाही). इकडे आम्ही सर्व मजेत. माझं डोकं सकाळी जरा जड असतं, डाव्या पायाला मुंग्या येतात, आणि परवा नाडी मोजली तर एकदा ऐंशी आणि लगेच ब्याऐंशी भरली. पण काळजीचं कारण नाही.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मधेच 'हो हो' म्हणता आणि मी कुठपर्यंत आलो होतो ते विसरतो. शिवाय आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तरी चार गोष्टी मला आता अशा समजल्या आहेत की शिकलेल्या माणसालाही समजावून सांगू शकतो.

तुम्हाला माहीत आहे की आमची सून, म्हणजे भुपेंद्रची बायको रीना, इथून नऊ किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. कागदावर तिला अधिपरिचारिका म्हणतात. तिच्या वर परिसेविका, म्हणजे अख्ख्या वार्डाची इनचार्ज. तिच्या वर सहायक अधिसेविका, आणि सगळ्यांच्या वर अधिसेविका, जिला जुने लोक मेट्रन म्हणतात. तुम्ही लहानपणीच चिखल्याच्या खाणीत गेलात, तरी धान विसरला नसाल, म्हणून धानाच्या भाषेत सांगतो. उतारावर बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या वाफ्यांच्या, पट्ट्या असतात तसा सरकारने पगाराचा तक्ता पाडला आहे. दरवर्षी वेतनवाढ मिळाली की माणूस आपल्याच पट्टीत एक बांधी पुढे सरकतो. पदोन्नती झाली की धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून शेजारच्या, वरच्या पट्टीत जातो. आता वर जागाच रिकामी झाली नाही तर बिचारीने एकाच पट्टीत म्हातारं व्हायचं काय? म्हणून सरकारने आश्वासित प्रगती योजना काढली. दहा वर्षं झाली, वीस झाली, तीस झाली, की खुर्ची जुनीच ठेवून नुसता धुरा ओलांडू देतात (गोपनीय अहवाल चांगले पाहिजेत. रीनाचे आहेत. मी विचारून आलो आहे). रीनाला नोकरीत एकोणीस वर्षं झाली. पहिला लाभ कधीच मिळाला. म्हणजे पगार परिसेविकेचा, काम अधिपरिचारिकेचं. दुसरा लाभ पुढच्या साली.

हे सगळं मी सेवाज्येष्ठता यादीवरून शिकलो. ती यादी भुपेंद्रने मला पवनीहून छापून आणून दिली, आणि तुमची ताई म्हणते तसं तेव्हापासून मी पोथी सोडली. त्यात कोण कधी लागली आणि कोण कधी निवृत्त होणार, सगळं असतं. रीनाच्या वर किती जणी आहेत आणि त्यातली कोण केव्हा जाणार, त्यावर मी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. एकदा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर कुसुमताई नावाच्या सिस्टर भेटल्या, त्या आमच्या वर तिसऱ्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही एकतीस जुलैला निवृत्त होताय, तब्येत बरी आहे ना, तारीख पुढे जाणार नाही ना. त्यांनी रीनाला फोन करून विचारलं की तुझे सासरे कोणत्या खात्यात आहेत.

तर गेल्या महिन्यात आमचा नंबर लागला. रीनाची परिसेविका म्हणून पदोन्नती निघाली, पण जागा मिळाली ती दोन एसटी बदलून जावं लागेल अशा गावी (गावाचं नाव मागाहून सांगतो, त्याला कारण आहे). घरात पेढे आले. मी एक खाल्ला आणि मला झोप येईना. मी हिशेबाने विचार केला. पगाराचा धुरा तिने आधीच ओलांडलेला आहे, म्हणजे पदोन्नतीने पगारात फरक नाही. वाढणार काय, तर कपाटाच्या चाव्या, ड्युटीचे तक्ते आणि लोकांची बोलणी. आणि इकडे गुड्डीचं दहावीचं वर्ष. गुड्डी म्हणाली, "आजोबा, माया अभ्यास मीच करतो, आई थोडीच करते." पण लेकरांचं बोलणं आपण किती मनावर घ्यावं.

आता माझ्या युक्तीकडे येतो. बावीस वर्षं मी गावच्या तलावाचा पाणकर होतो. पाणकराचं काम म्हणजे कोणाच्या बांधीला कोणत्या नंबरने पाणी जाईल ते पाहणं. आपल्याकडे रीत अशी, की एखाद्याला त्या दिवशी पाणी नको असेल तर तो आपला नंबर खालच्याला उसना देतो आणि पुढच्या फेरीत परत घेतो. बावीस वर्षांत असे शेकडो नंबर मी इकडचे तिकडे केले, एकही भांडण पोलिसांत गेलं नाही. मी म्हटलं, नर्सांची यादी काय आणि पाण्याची यादी काय, दोन्हीकडे वरून खालीच यायचं आहे.

जिल्ह्याच्या ऑफिसात चौकशीला गेलो तर बाकावर आंबागडचे भय्याजी बसलेले. त्यांची सून मेघा यादीत रीनाच्या बरोबर खाली. तिला जागा निघाली नव्हती म्हणून ते तोंड पाडून बसले होते. आमचं आधी त्यांच्या तलावाच्या गाळावर बोलणं झालं, मग धानाच्या तुडतुड्यावर, मग सुनांवर. मी म्हटलं, "भय्याजी, आमचा नंबर यंदा तुम्ही घ्या." ते म्हणाले, "अन् वापस?" मी म्हटलं, "तुमचा निघन तवा आमाले द्या." त्यांनी माझा हात असा दाबला की अंगठी बोटात रुतली. बाहेरच्या इश्वर चहावाल्याकडून वहीचं पान घेतलं आणि त्यावर लिहिलं, की आमच्या सुनेचा पदोन्नतीचा नंबर यंदा मेघाबाईंना उसना दिला आहे, पुढच्या यादीत तो परत घेण्यात येईल. खाली मी, भय्याजी, आणि साक्षीदार म्हणून इश्वर. मग तो कागद आवकच्या खिडकीत दिला आणि प्रतीवर गोल शिक्का मारून घेतला. नंदलालजी, शिक्का इतका स्वच्छ उमटला होता की मला त्या दिवशी दोन वेळा भूक लागली.

आठ दिवसांनी ऑफिसातून अंकुश नावाच्या बाबूचा फोन आला, या म्हणून. गेलो. कागद त्याच्या टेबलावर.

"बाबाजी, हे काय होय?"

"नंबरचा कागद."

"कायचा नंबर?"

मी त्याला तलाव, पाट, बांधी, फेरी, सगळं नीट सांगितलं. त्याने पेन खाली ठेवला. मग शेजारच्या टेबलावरच्या रत्नमालाबाईंना बोलावून म्हणाला, "बाबाजी, पुन्हा एकदा सांगा." मी पुन्हा सांगितलं. चहा आला. तिसऱ्या वेळी दाराशी पाच-सहा जण उभे होते, आणि माझ्या बोलण्यात दम आहे हे मला तेव्हाच कळलं. रत्नमालाबाईंनी तर विचारलं, की तुम्ही टोकाच्या बांधीवाल्याचं काय करत होता. त्या स्वतः यादीत टोकाला असाव्यात.

शेवटी अंकुश म्हणाला, "बाबाजी, यादीतला नंबर उसना देता येत नाही. अन् सासऱ्याची सही तर चालतच नाही."

मी म्हटलं, "मंग शिक्का काहून मारला?"

"शिक्का कागद आल्याचा आहे, पटल्याचा नाही. अन् तुमची सही चालत नाही हेच सूनबाईचं नशीब समजा. असा कागद तिनं सोता देला असता ना, तर पदोन्नती नाकारली असं झालं असतं. मंग दहा वर्षांचा लाभ काढून घेतला असता, अन् वीस वर्षांचा भेटला नसता."

हातातला चहा मी खाली ठेवला. एकोणीस वर्षं ती पोरगी एकेक बांधी पुढे सरकली, आणि मी तिला एका वहीच्या पानावर मागे ओढायला निघालो होतो. तो कागद त्याने फाईलला लावून टाकला. भय्याजींना मी तिथूनच फोन केला. ते म्हणाले, "आमी त मेघाचं सामान बांधून राहिलो होतो." (त्यांच्याकडची रागाची भाषा आपल्यापेक्षा जरा मोकळी आहे. पुढचं लिहीत नाही.)

घरी येऊन शिक्क्याची प्रत मी तांदळाच्या कोठीत खोल दडवली. घरात तांदूळ रोज काढतात, हे त्या घाईत लक्षात आलं नाही. दुसऱ्याच दिवशी रीनाच्या हाताला लागली. तिने ती वाचली. तांदूळ धुतले, भात लावला, मग बीपीचं मशीन घेऊन माझ्यापाशी बसली आणि दंडाला पट्टा बांधला.

"एकशे सत्तर," म्हणाली. "मामाजी, हे कायले केलं?"

मी म्हटलं, "पगार त तोच राहते ना बाई."

"पगार तोच राहीन. पण एकोणीस वर्ष मी दुसऱ्यापाशी चावी मागून औषधं काढली. आता वार्ड माया राहीन. कोणत्या पोरीनं किती ड्युट्या कराच्या, हे मी ठरवीन. ह्या नंबरसाठी मी उभी होतो, मामाजी. तो मी कोणाले उसना देत नाही."

तुमची ताई चुलीपाशून म्हणाली, "ह्यांले पाणकर केलं तेच गावाचं चुकलं." मग दोघींनी मिळून माझ्या ताटातलं लोणचं उचललं. ते आजपर्यंत परत आलेलं नाही.

असो. झालं ते बऱ्यासाठीच झालं. रीना एक तारखेला नव्या जागी हजर होणार. ह्या सगळ्यात माझी समजूत थोडी चुकली असेल, पण तक्त्याची माहिती पक्की आहे. कोणाला पाहिजे असेल तर माझ्याकडे पाठवा.

रुखमिणीबाईंना नमस्कार, आणि गुडघ्यांना जपा.

तुमचा
सोमाजी

ता. क. १ : ते गाव म्हणजे तुमचं तुमसर. तुमची समोरची खोली भाडेकऱ्याने सोडली असं ताईकडून समजलं. ती रीनासाठी ठेवावी, दुसऱ्याला शब्द देऊ नये. पत्र मुख्य त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ : परिसेविकांची यादी वेगळी असते आणि त्यात रीना आता शेवटची, म्हणजे टोकाची बांधी. ती यादीही मी छापून आणली आहे. वरच्यांपैकी दोघी तुमच्याच गावच्या आहेत. त्या कधी निवृत्त होतात ते मला माहीत आहे, तब्येत कशी आहे तेवढं तुम्ही सहज पाहून ठेवा. विचारू नका, नुसतं पाहा.

ता. क. ३ : खोलीत खाटा दोन टाका. रीनाला एकच सांगा. मी नुसता सामान पोचवायला येतो आहे असं घरी सांगितलं आहे (गुड्डीजवळ ताई आणि भुपेंद्र आहेत, तिच्या दहावीची मला तेव्हाही काळजी नव्हती). बीपीचं मशीन रीनाबरोबर जाणार, मग मी इथे एकटा कोणाला दंड दाखवू? काल ती पेटी भरत होती तेव्हा माझी गोळ्यांची डबी तिच्या साड्यांखाली ठेवलेली दिसली. चुकून गेली असावी. मी काढली नाही.