आजोबांच्या गीताला वरातीचा ठेका

छावणी, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आत्याबाईंना अभयचा प्रभूमध्ये सलाम.

कन्नडच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? आम्ही प्रभूकृपेनं बरे आहोत, म्हणजे शरीरानं. मनानं मी रविवारपासून हादरलेलोच आहे.

रविवारी चर्चमध्ये आपल्या मंडळीचा कापणीचा सण होता. वेदीपुढं भोपळे, ज्वारीची कणसं, लिलावाचा कोंबडा (तो उपदेशभर आरवला, पाळकसाहेबांनी दोनदा थांबून त्याला आधी बोलू दिलं), सगळं रीतसर. गेल्या बावीस वर्षांप्रमाणे पेटीवर मीच. तेवढ्यात तरुण संघ गायला उठला आणि पुढं कोण, तर आमची सायली! मागं ढोल, कीबोर्ड. गीत कोणतं? आजोबांनी रचलेलं कापणीचं गीत, जे आपल्या घरात डोळे मिटून ऐकतात. त्याला चक्क वरातीचा ठेका! पहिल्या बाकावरच्या आज्या टाळ्या पिटू लागल्या.

मी भर उपासनेत उठलो. बाजारातल्या चाली देवाच्या घरात येणार असतील तर मी पेटीला हात लावणार नाही, असं सांगून खिशातला राजीनामा पाळकसाहेबांच्या हातात ठेवला. (तो मी दर सणाला लिहून नेतो. आजवर कुणी उघडलासुद्धा नव्हता.) तर मागून पारूबाई उठल्या. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी, आवाज जास्त. म्हणाल्या, "आरं अभय, तुझ्या आज्यानं ही चाल आनली कुठून? कन्नडच्या बाजारातल्या तमाशातून! मी तिथंच शेव खात उभी व्हते. तूच तिला लई रडकी करून ठिवली. पोरींनी आज बराबर म्हटली."

अख्खी मंडळी हसली. सायली तेवढी हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तरी आजोबांची कन्या या नात्यानं आपण लेखी कळवावं, की हे साफ खोटं आहे. सही ठळक करावी.

आपला (आणि अजून तरी आजोबांचाच)
अभय

ता. क. मूळ काम राहिलंच. पाळकसाहेबांनी या वेळी राजीनामा मंजूर केला, वर शालही घातली. माझ्या पेटीवर दुसरा कुणी बसणार, या विचारानं घास उतरत नाही. शाळेत त्यांनी तुमच्या हातची छडी खाल्ली आहे. त्यांना एक फोन करा.

ता. क. २ फोन करू नका. आत्ताच सायली येऊन म्हणाली, "पप्पा, आमच्या गटात पेटीला कुणीच नाय. येता का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तालीम किती वाजता ते विचारलं. आता ती लेखी साक्षही नको. आजोबा ही चाल मुळात किती जलद म्हणायचे, तेवढं उद्या संध्याकाळच्या आत कळवा.