नुसती धार लावायची होती

ती. मावशीस,

तुझ्या धाकट्या बहिणीच्या थोरल्या मुलाचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली नसशील तर आधी घे, खुर्चीत नीट टेकून बस आणि मगच पुढचं वाच. काळजीचं काही नाही. (असं मी लिहिलं की तू काळजीत पडतेस हे ठाऊक आहे, पण दुसरं काय लिहावं ते सुचेना.)

महिन्यापूर्वी तू तुझी सुरी माझ्याकडे दिलीस आणि नुसती धार लाव, जास्तीचा शहाणपणा करू नकोस, असं बजावलंस. काकांनी आणलेली सुरी. तीस वर्षं तू तिच्यावर खानावळ चालवलीस. झिजून बोटाएवढी राहिली होती. तर मुठीपाशी तिला तडा होता. आठ दिवस मी मागच्या पत्र्याच्या खोलीत तिच्याकडे बघत बसलो. शेवटी ठरवलं, की तिचे तुकडे करून नव्या पात्याच्या पोटात घालायचे. (उठून उभी राहिली असशील तर बस.)

मधोमध काकांचं पोलाद आणि दोन्ही बाजूंना साधं आणि निकेलचं पोलाद एकाआड एक, असा गठ्ठा रचला, थर एकमेकांना धरावेत म्हणून वर टाकणखार भुरभुरवला आणि भट्टीत लालाचा पिवळा होईपर्यंत तापवला. पहिल्या खेपेला घण घातला तर थर पावसात भिजलेल्या वहीसारखे उलगडले. काकांचं पोलाद तेवढंच, दुसरं कुठून आणू? पुन्हा घासलं, पुन्हा रचलं, पुन्हा तापवलं. या खेपेला सांधलं. मग पातं कडक व्हावं म्हणून त्याला पाणी द्यायची वेळ आली. (पाणी म्हणतात, असतं तेल.) तेलात बुडवताना टिंग असा बारीक आवाज आला की पातं तडकलं, खेळ खलास. मी श्वास रोखून पातं बुडवलं आणि नेमके त्याच क्षणी शेजारचे दंतवैद्य दारात आले. आमची भिंत एकच आहे. माझं घासायचं यंत्र सुरू झालं की त्यांचे पेशंट खुर्चीतून उठून जातात, म्हणून ते भांडायला आले होते. पण माझा चेहरा बघून त्यांनीही श्वास रोखला. टिंग झालं नाही. भांडण राहूनच गेलं.

आता फक्त थरांची नक्षी उठवायची होती. पातं आरशासारखं घासून आम्लात सोडलं, दहा मिनिटांनी काढलं, तर सगळं एकजात राखाडी. एक रेघ दिसेना. तुला काय तोंड दाखवणार? तेवढ्यात बायको आली, म्हणाली, "धुवून तरी बघ." धुतलं, बारीक कागदाने हलकेच पुसलं, आणि काजळी निघाली तशा रेघा वर आल्या, पाण्यावर वारा फिरावा तशा. धारेच्या कडेने मात्र, जिथे मधला थर उघडा पडतो तिथे, एक गडद, वाकडी पट्टी वेगळीच दिसत होती. बायकोने त्या पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं. "ही मावशींची ना?" एवढंच म्हणाली.

शुक्रवारी बायको सुरी घेऊन येते आहे. मी येत नाही. कामं आहेत.

तुझा,
घाबरलेला भाचा

ता. क. अक्षर माझं नाही. शेवटची धार लावताना अंगठा कापला. दंतवैद्यांनीच दोन टाके घातले आणि तेच हे लिहून घेत आहेत. धार उत्तम आहे, एवढं यावरून समज.

ता. क. २. रागावलीस तर बायकोला जेवू घालून मग राग सांग, म्हणजे ती तो थोडा सौम्य करून माझ्यापर्यंत आणेल.

ता. क. ३. नमस्कार. मी लेखनिक दंतवैद्य. सुरीला तडा आधी नव्हता. ती यांच्या हातून फरशीवर पडली. भिंतीपलीकडून मी आधी 'टण्' ऐकलं आणि मग 'मेलो'. तेव्हापासून हे रोज सुरीची माफी मागत असतात, तीही ऐकू येते. यांना शुक्रवारी सोबत यायचं आहे, पण तुम्ही बोलावल्याशिवाय धीर होणार नाही. कृपया बोलवावं. एवढा मजकूर मी त्यांना वाचून दाखवलेला नाही.