पाच नंबर कुणाचा

नाना, पाच नंबरवर तुमचं नाव लिहायला निघालेत आणि तुम्ही नेहमीसारखे गप्प. तुमचं काय जातंय म्हणा, फोटोत बसून हार घालून घेताय. इथं पंधरा दिवस झाले, माझ्या कढईसमोर रोज भांडण चाललंय. भजी तळू का निवाडा करू ते कळेना झालंय. आणि ज्यानं एका शब्दात निकाल द्यायचा तो माणूस जिवंत होता तेव्हाही दिवसाला दहाच शब्द बोलायचा, त्यातले आठ आकडे असायचे. लासलगावच्या मार्केटात मापारी होतात, कांदा मोजायचात, ते समजतं. पण घरी आल्यावर तरी काटा खाली ठेवायचा.

नीट सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी मधूनच सुरू झाली. मंडळानं ग्रामपंचायतीच्या पैशानं मैदानाच्या कडेला नवी भिंत घातलीय. मंडळाचे अध्यक्ष आता खताच्या दुकानाचे मालक आहेत, तुम्ही गेलात तेव्हा अर्ध्या चड्डीत गोट्या खेळायचे. त्यांच्या डोक्यात आलं की भिंतीवर एक ते बारा नंबरचे बनियन रंगवायचे आणि प्रत्येकाखाली, त्या नंबरचा गावातला आजवरचा सगळ्यात भारी कबड्डीपटू कोण, त्याचं नाव. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत विटतो, भिंत राहते, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर आहे. पण मिटिंग ठेवली माझ्या गाडीवर, तिथं चुकलं. मैदानाला लागूनच गाडी, बाकडी फुकट, भजी गरम, मग माणूस उठतोय कशाला.

एक नंबरला कुणीच उभं राहीना. ज्यानं ज्यानं एक नंबर घातला तो पहिल्या चढाईत बाद झाला, असं गावात पक्कं बसलंय, आणि मेलेल्याचं नाव लिहावं तर त्याची पोरं भांडायला येतात. तीन नंबर दोघा भावांचा. एकच बनियन होता त्यांच्यात, एक दमला की काढून दुसऱ्याला द्यायचा, मग कुठला पॉइंट कुणाचा हे त्यांच्या आईलासुद्धा सांगता यायचं नाही. शेवटी आडनाव तेवढं लिहायचं ठरलं. सात नंबर पोलिसात गेला त्याला मिळाला, कारण तो गणवेशातच येऊन बसला. दहा नंबरला कॉलेजची पोरं म्हणाली, दहा म्हटलं की सगळ्या जगात एकच माणूस. त्यावर तुमचे दोस्त काका, जे तुमच्या शेजारी उभे राहून खेळायचे, त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, तो आपल्या सायखेड्यात कधी खेळला? पोरं म्हणाली, नाही. मग काका म्हणाले, मग आपल्या भिंतीवर त्याचं काय काम. तिथं दहा नंबर मिटला.

पाच नंबरला मात्र वाद नव्हता. अध्यक्षांनी नुसतं 'पाच' म्हटलं आणि सगळे एकदम म्हणाले, सांडशी. तुमचं हे नाव अजून चालू आहे बघा. डाव्या कोपऱ्यात उभा राहिलेला सांडशी, घोटा धरला की निम्मं निफाड आलं तरी सोडवायचं नाही. एकानं तर टाळी वाजवली. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं पण. आणि त्याच वेळी माझ्या तोंडातून निघून गेलं, "पाच नंबर माझा."

झारा हातातच राहिला. कढईत घातलेली भजी काळी पडली. मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "आक्का, भिंत पुरुष संघाची हाय."

"भिंत ग्रामपंचायतीची हाय," मी म्हटलं. "घरपट्टी मी पण भरते."

"अहो, पण तुम्ही तुमच्याच वडलांचं नाव कापायला लागल्या?"

"कापत नाय. त्यांना सहाला सरकवा. ते काय बोलणारेत?"

तिथून सगळं सुटलं. गावात असं झालंय की म्हातारे तुमच्या बाजूचे आणि बाया माझ्या बाजूच्या. माझा नवरा कुणाच्याच बाजूचा नाही, तो म्हणतो दोघांनी मिळून अडीच-अडीच घ्या. भावानं नाशकातून फोन करून सांगितलं, बापाशी बरोबरी करायला लाज वाटत नाही का. मी म्हटलं, तू आयुष्यात एक चढाई केलीस का, मग फोन ठेव.

माझी बाजू धरली ती काकांनीच. ते म्हणाले, मी निफाडला पोरींच्या सामन्याला होतो, डोळ्यांनी पाहिलंय, शेवटच्या मिनिटाला हिनं डाव्या कोपऱ्यात जी पकड केली तशी सांडशीलाही जमली नव्हती. पहिल्या दिवशी काका म्हणाले की समोरची पोरगी हिच्याहून हातभर उंच होती. दुसऱ्या दिवशी ती दोन गड्यांच्या वजनाची झाली. परवा ती म्हशीएवढी झाली होती आणि मी तिला घोट्याला धरून उलटी टांगली होती. लोक ऐकतात. मी भजी तळते आणि ऐकते. खोटं नाही बोलत, पण मी त्यांना थांबवलं नाही.

तो दिवस मला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असणार. मी चौदा वर्षांची आहे. सातवीनंतर शाळा सुटलेली, पण कबड्डी अजून सुटलेली नाही, कारण मुलींचा संघ तुम्हीच उभा केलाय आणि आई रोज त्यावरून तुमचं जेवण उशिरा वाढते. मी राखीव. माझं काम पाण्याचा हंडा सांभाळायचं. सामना संपायला थोडा वेळ उरलाय आणि आपल्या डाव्या कोपऱ्याच्या पोरीची आई मैदानात येऊन तिला दंडाला धरून घेऊन जाते, घरी पाहुणे बघायला आलेत म्हणून. पंच शिट्टी वाजवतोय, आईला त्याचं काय. तुम्ही माझ्याकडे बघता. पोरीच्या अंगावरचा बनियन तिच्याबरोबर गेला. ट्रॉलीच्या उरलेल्या ऑइलपेंटनं तुम्हीच आकडे काढलेले, पापडासारखे कडक झालेले बनियन, तेही मोजून तेवढेच. तुम्ही नुकतेच पुरुषांचा सामना खेळून आलेले. अंगातला काढता आणि माझ्याकडे फेकता. "घाल." बस. बाकी काही नाही. मी फ्रॉकवरून घातला, गुडघ्यापर्यंत आला. ओला होता, घामाचा आणि कांद्याचा वास. पाठीवर पाचाचा आकडा टोचत होता.

एका पॉइंटनं आपण पुढे होतो. त्यांची पोरगी शेवटच्या चढाईला आली आणि सरळ माझ्याकडे आली, तिलाही दिसलं असणार की या कोपऱ्यात हंडा सांभाळणारी उभी आहे. मी घोट्यावर झडप घातली. शिट्टी झाली, सगळ्या पोरी माझ्या अंगावर, तोंडात माती, कुणीतरी मला उचललं. घोटा माझ्या हातात होता हे खरं आहे.

येताना तुमच्या सायकलवर मागं बसले होते. मी वाट बघते, आता बोलाल, आता बोलाल. निफाड गेलं, उसाची शेतं गेली, मला वाटलं घरी आईसमोर बोलणार असतील. गोदावरीच्या पुलावर आलो तेव्हा तुम्ही मान न वळवता म्हणालात, "पाय धरताना डोळे मिटायचे नसतात." संपलं. आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला ते कळलंच नाही, कारण तुम्हीही बोलत नव्हता. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, दिलीत तीही गावातच, मैदानाला लागून. अडतीस वर्षं त्या मैदानाकडे तोंड करून राहतेय आणि त्या एका वाक्यावर चिडतेय.

आता ऐका. काल अध्यक्षांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की पाच नंबरचा निर्णय घरातलाच आहे, तर आक्कांनीच द्यावा, मंडळ मान्य करेल. बायांनी खाली अंगठे टाकले, म्हाताऱ्यांनीही टाकले. म्हणजे मी म्हणेन ते. शनिवारपर्यंत सांगायचं, रविवारी सकाळी पेंटर रंगाचे डबे घेऊन येतोय. मला वाटलं, झालं, जिंकले. आणि घरी येऊन बसले ते उठवेना.

कारण ती पोरगी घसरली होती, नाना. त्या दिवशी धूळ बसावी म्हणून टँकरनं मैदानावर पाणी मारलेलं, आमच्या कोपऱ्यात चिखल झाला होता. डोळे मिटलेले असले तरी माझे कान उघडे होते. सर्रकन आवाज आला, ती तोंडावर पडली, आणि मग माझा हात तिच्या पायाला लागला. पडलेल्या पोरीचा पाय मी धरला. एवढीच ती पकड. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, माझ्या लेकीला नाही, जिला मी ही गोष्ट सांगून सांगून मोठी केली.

आता मला सांगा, तुम्ही रेघेच्या कडेला बसला होता, माझ्यापासून तीन हातांवर. पोत्यात पावशेर माती जास्त असली तरी तुमच्या डोळ्यातून सुटायची नाही. माझे डोळे मिटलेले दिसले, मग ती घसरलेली नाही दिसली? दिसली असेल आणि तरी तुम्ही आयुष्यभर कुणाला बोलला नाहीत, काकांना सुद्धा नाही, तर मग तुम्ही मला एकदा तरी मापापेक्षा जास्त दिलंत, आणि पाच नंबर तुमचा, मी स्वतः पेंटरला सांगेन. आणि नसेल दिसली, तुम्हालाही ती पकड खरीच वाटली असेल, तर तुमच्या डोळ्यांनी मला पास केलं. मग नंबर माझा आणि काकांची म्हैस पण माझी.

हा कागद पोस्टात टाकता येत नाही हे मला कळतं, सातवी झालेय मी. पण शनिवारी सर्वपित्री आहे आणि तुम्ही तसेही जेवायला येणार. भाऊ नाशकात फ्लॅटच्या गॅलरीत पान ठेवतो, तिथं नुसती कबुतरं येतात, तिकडे जाऊ नका. मी गाडीच्या पत्र्यावर वेगळं ठेवते, वडे आणि खीर. मला तो नंबर पाहिजे आहे, नाना. लय पाहिजे आहे, आणि म्हणूनच तुम्हाला विचारतेय, नाहीतर सांगून मोकळी झाले असते. ती पोरगी घसरली ते दिसलं होतं का नव्हतं, एवढंच सांगा. शनिवारी दुपारच्या आत.