खाटेखालची जागा

४ डिसेंबर
आले एकदाची! कुरखेड्याच्या पुढे जंगलात आमचं हे छोटंसं रुग्णालय. चंद्रपूरची नर्स इथं किती टिकते, यावर म्हणे पैजा लागल्यात. लागू देत. काम मस्त आहे. न्यूमोनियाच्या भरती रुग्णांपैकी काहींना एकच औषध, काहींना दोन एकत्र द्यायची आणि कोण लवकर बरं होतं ते बघायचं. फक्त एक गोष्ट खटकते. नातेवाईक रुग्णाच्या खाटेखालीच चटई टाकून झोपतात.

९ डिसेंबर
दोन औषधंवाले भराभर सुधारताहेत. मी जाम खूश. आज सगळ्या चटया व्हरांड्यात काढायला लावल्या. आया केसरबाई भांडल्याच. म्हणाल्या, "सिस्टर, खाटेखालची जागा रिकामी नोका ठेवू. दुसरं कोनी येऊन झोपते." मी हसले. भुताखेतांना आमच्या घरात कधीच थारा नव्हता.

११ डिसेंबर
दोन औषधंवाल्यांतले पत्रूभाऊ गेले. सकाळी ताप उतरला होता, भात मागून घेऊन खाल्ला होता. दुपारी श्वासच बंद. औषधात काही चुकलं का, सगळं तपासलं. काही नाही. रडू आलं.

१२ डिसेंबर
चैतूभाऊही. तेही बरे होत आलेले. वाकून पाहिलं, तर खाटेखाली फरशीवर ओल. माणसाच्या लांबीची. पत्रूभाऊंच्या खाटेखालीही तशीच.
चटया परत आत आणायला लावल्या. सगळ्यांच्या आल्या, एका बुधरीबाईंची सोडून. त्या म्हाताऱ्या बाईंना कोणीच नाही.

१३ डिसेंबर, दुपार
बुधरीबाईंना दोन्ही औषधं चालू आहेत. छाती मोकळी झाली आहे. मग खाटेखाली ही घरघर कुणाची?
केसरबाई म्हणाल्या, त्यांच्या खाटेखाली मी झोपते. मी नाही म्हटलं. चटया मी काढल्या, मीच झोपणार. भीती वाटते, खूप वाटते. पण माझी पेशंट मी कुणाला देणार नाही.

तीच दुपार, खाटेखाली
पाठीला गार लागतंय. शेजारी कोणीतरी आहे. सरक म्हणतंय. मी सांगितलं, जागा भरली.

बुधरीबाईंनी वरून विचारलं, कोन आहे? म्हटलं, तुमची लेक. हसल्या.

घरघर आता माझ्या छातीत — हात जड — वर त्यांचा श्वास मोकळा, ऐकू येतोय. दोन औषधं, आणि खाली मी. बघू कोण जिंकतं.

ढकलतंय. ढकल. केसरबाई, चटई काढू नका, मी गेले तरी माझ्या जागी लगेच कुणीतरी झोपा —

मी नाही सरकणा