नववे रीळ, दहावे रीळ आणि वरची खोली

मी, खाली सही करणार, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय वार्ताहर, ज्याला गावात आणि घरातही ‘पंडित’ म्हणतात (गावात आदराने, घरात अन्य कारणांनी), असे लिहून ठेवतो की येत्या बुधवारी डॉक्टर माझ्या छातीवर शस्त्रक्रिया करणार आहेत आणि त्याआधी मागचे सर्व निस्तरलेले बरे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे लिहिताना कुणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. बुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गेले तीन आठवडे मला स्वतःलाच तिच्याविषयी शंका आहे, परंतु दाखल्यात शंकेचा रकाना नाही.

१. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते लिहिताना माझा एका माणसावर विश्वास होता.

२. राहते घर, खालचा मजला व वरची खोली धरून, आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीस मिळावी. घर माझ्या नावावर असले तरी त्यातली एकही खिडकी तिला विचारल्याशिवाय मला नीट बंद करता येत नाही, असे तिचे म्हणणे आहे व ते खरे आहे. वरच्या खोलीबाबत कलम ७ पाहावे.

३. धाकट्या भावाने सहा वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्यालाच देतो. म्हणजे ती परत येण्याची वाट पाहणे कायद्याने संपेल.

४. संस्कृत कोशाचे तीन खंड भाचीला. दुसऱ्या खंडात वाळवी ‘म’पर्यंत पोचली आहे, तरी मोक्षाच्या आत तिला अडवावे. टंकलेखन यंत्र आमच्या कचेरीला, त्यांनी ते दर्शनी भागात न ठेवता वापरावे.

५. माझी अभिप्रायवहीही भाचीलाच. ही काय वस्तू आहे ते सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यातूनच घडले.

सदतीस वर्षांपूर्वी आमच्या टॉकीजला एक कराटेचा पोलीसपट लागला. नाव घेत नाही, घेतले की अजून हात शिवशिवतात. मी तेव्हा वीस वर्षांचा, वृत्तपत्रात उमेदवारी करत होतो. संपादकांनी सांगितले, “परीक्षण नको, लोक काय म्हणतात ते आण.” म्हणून मी दाराशी वही घेऊन उभा राहिलो आणि खेळ सुटताना दोनशे चौदा माणसांची मते टिपली. निवृत्त हवालदार म्हणाले, “ह्याने एका रात्रीत सत्तावन्न माणसं झोपवली, पंचनामा एकाचाही नाही. आमच्या ठाण्यात असता तर लिहून लिहून मेला असता.” चौकातला शिंपी म्हणाला, “इन्स्पेक्टरची बाही फाटते आणि पुढच्याच प्रसंगात शिवलेली असते, टाका दिसत नाही. तो कारागीर मला भेटवा.” मी हसून लिहून घेतले. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

बाकी बहुतेकांना एकच प्रसंग लागला होता. इन्स्पेक्टरचा म्हातारा गुरू गोदामात गोळी लागून मरतो. शिष्य त्याला उचलून पावसात उभा राहतो. आणि लगेच पुढे तोच म्हातारा अंगणात बसून चहा ओततोय आणि म्हणतोय, “बस. एक डाव शिकवायचा राहिलाय.”

मला पाठशाळेत शिकवणारे गुरुजी जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. आमचे पुस्तक अर्धे राहिले होते. तो चहा पाहून माझे काय झाले ते इथे लिहीत नाही, मृत्युपत्र कोरडे असलेले बरे. लेख मात्र मी लिहिला: मेलेला गुरू परत येतो तो स्मृतिरूपाने, आणि दिग्दर्शकाने हाणामारीच्या मध्यभागी करुणातून अद्भुताला जन्म दिला आहे. लेख गाजला. नोकरी कायम झाली. ह्याच विषयावर मी तीन व्याख्याने दिली, पैकी एकात शाल मिळाली.

एकाच बाईने त्या दिवशी वेगळे मत दिले होते. “म्हातारा मेला ना? मग चहा कोण पितंय?” मी वहीत तिच्या मतापुढे शेरा मारला: ‘समज बेताची.’ पुढे तिच्याशीच माझे लग्न झाले, आणि वही तिने लग्नानंतर पंधरा दिवसांत शोधून काढली. तो शेरा मी साक्षीदारांसमक्ष मागे घेतो.

६. आता मूळ तक्रार. तीन आठवड्यांपूर्वी भाचीने तो सिनेमा मोबाइलवर शोधून दिला. खाली जगभरच्या प्रेक्षकांचे अभिप्राय होते, मी सगळे वाचले. काचा किती फुटल्या, उडी खरी की तारेची, यावर लोक हातघाईवर आले होते. म्हाताऱ्याच्या परत येण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी विनयाने चार ओळी लिहून लक्ष वेधले. उत्तर आले, “काका, दुसराच सिनेमा पाहिलात का?”

मग मी सिनेमा पाहिला. म्हातारा आधी चहा ओततो, डाव शिकवतो, निरोप देतो. मग गोदामात जातो आणि मरतो. आणि मेलेलाच राहतो. बाही आधी धड असते, मग फाटते. शिंप्याला सगळे दिसले होते.

तेवढ्यावर मी सावरलो असतो. पण आणखी खाली, तीन वर्षांपूर्वीचा एक अभिप्राय सापडला, लिहिणाऱ्याने नाव ‘तिसरी घंटा’ असे घेतलेले: “आमच्या टॉकीजमध्ये ह्याची नववी-दहावी रिळं उलटी लागली होती, दहावं आधी, नववं मागून. सिनेमा उलट सुधारला. आमच्या एका विद्वान मित्राला अजून माहीत नाही. कुणी सांगू नका.” खाली एक्केचाळीस अनोळखी माणसांनी पसंतीचे अंगठे दिले होते.

टॉकीजमध्ये यंत्रावर बसणारा माणूस एकच होता. आम्ही त्याला ऑपरेटर म्हणतो. चाळीस वर्षांपासूनचा मित्र. टॉकीज बंद पडली तेव्हा बिऱ्हाड नव्हते म्हणून माझ्या वरच्या खोलीत आला, त्याला बारा वर्षे झाली. येताना बाल्कनीतल्या दोन जोडखुर्च्या घेऊन आला. संध्याकाळी आम्ही त्यांच्यावर बसतो. बसत होतो.

मी वर गेलो. तो नखे कापत होता.

“रिळं उलटी लावली होतीस?”

“कुठली?”

“नववं आणि दहावं.”

त्याने नेलकटर खाली ठेवला. “चहा घेतोस?”

“सदतीस वर्षं, अरे! तीन व्याख्यानं दिली मी त्यावर. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास!”

“चांगली झाली होती व्याख्यानं, पंडित.”

“आणि जगाला सांगितलंस. मला सोडून.”

त्याने नेलकटर पुन्हा उचलला आणि उरलेली नखे कापायला घेतली. तो भांडला असता तर भांडण संपलेही असते. तेव्हापासून आमचे बोलणे पत्नीमार्फत चालते. “वर सांग, नळ चालू राहिलाय.” “खाली सांगा, ऐकू आलं.” काल ती म्हणाली, “अहो, तुमचं काय ते कागदावर लिहा. मी दुपारी तीन कप टाकते, तीनच टाकणार.”

चूक कुणाकडूनही होते, तिच्याबद्दल माझा राग नाही. पण ज्या प्रसंगाच्या आधाराने मी गुरुजींच्या माघारी उभा राहिलो, तो एका माणसाच्या गलथानपणातून आला होता, हे त्याला माहीत होते आणि तो रोज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होता. ह्याला संस्कृतात मित्रद्रोह म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते पत्नीने लिहू दिले नाही.

७. जुन्या मृत्युपत्रात मी ऑपरेटरला वरची खोली हयातभर वापरायला दिली होती. ती मी काढून घेणार होतो. ह्या कागदासाठी ज्यांचा सल्ला घेतला त्या वकीलबाईंना तसे सांगितले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “आणि साक्षीदार बाहेरचाच घ्या हं. जो सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.” त्यावरून सुचले ते असे:

वरची खोली ऑपरेटरने हयातभर वापरावी, ही तरतूद मी कायम ठेवतो. मात्र खाली दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी सोडली आहे. तिथे त्याने रिळांबाबत खरे काय ते स्वतःच्या हाताने लिहून सही करावी. सही केली की खोलीवरचा त्याचा हक्क जाईल. सही न केल्यास खोली त्याची, आणि त्याच्या जागी शेजारच्या नर्सबाई सही करतील. निवड त्याने करावी. मला शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी एवढेच वाचायचे आहे.

८. जोडखुर्च्या एकमेकींना बोल्टने जखडलेल्या आहेत. त्या वेगळ्या करू नयेत, लाकूड फाटेल.

९. ह्या कागदाप्रमाणे सर्व पार पाडण्याचे काम वकीलबाईंकडे सोपवतो. त्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही, हीच त्यांची मुख्य पात्रता.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन ठिकाणी खोडले. दोन्ही साक्षीदार समोर बसले असताना सही करत आहे.

ठिकाण: राहते घर, खालची पुढची खोली
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

(सही) पंडित, वार्ताहर

साक्षीदार पहिले:
लिहिणाऱ्याने माझ्यासमोर शुद्धीत सही केली. रक्तदाब थोडा जास्त.
(सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा:
पहिल्या खेळाला चुकून लागली. डबे घाईत आले होते. रात्रीच्या खेळाला नीट लावणार होतो. पण खेळ सुटल्यावर यंत्राच्या खिडकीतून खाली बघितलं, तर सगळं थिएटर रिकामं आणि तू दारावरची मतं टिपून परत आत येऊन चौथ्या रांगेत एकटाच बसलेला. झाडूवाला येऊन उभा राहिला तरी उठला नाहीस. दुसऱ्या दिवशी परत आलास, तिसऱ्या दिवशीही. म्हातारा उठून चहा ओतायचा तेव्हा पुढे सरकून बसायचास. मग सहा आठवडे मुद्दाम उलटीच लावली, मालकाच्या शिव्या खाऊन. ते अंगठेवाल्यांना सांगायला नको होतं, तेवढं माझं चुकलं. खोली गेली तर गेली. चहाला खाली येईन.
(सही) ऑपरेटर