बॉथेलची डबल बेल

बॉथेल, अमेरिका, कोजागिरीचा दुसरा दिवस

श्री. नंदूदादा यांस,

शरयूचा दोन्ही हात जोडून (आणि या खेपेला ते कुठेही न आपटता) नमस्कार. तुमची शुगर, तुमची कंबर आणि वहिनींचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. रात्री भाताऐवजी भाकरी खाता की नाही? खात नसाल, हे मला इथे सातासमुद्रापलीकडे बसूनही कळतं. बावीस वर्षं मी तुमच्या मागे उभी राहून तिकिटं फाडली आहेत, तुमच्या मानेवरूनसुद्धा तुमचं खोटं ओळखते. आणि हो, आपल्या भंगारात निघालेल्या गाडीची घंटी भंगारवाल्याला गाठून तुम्ही परस्पर घरी नेलीत आणि पडवीत टांगलीत, त्यावरून माझ्या निरोप समारंभात आपलं जे झालं ते मी कधीच विसरले आहे. या पत्रात मी तिचा उल्लेखही करणार नाही.

इकडे सगळे मजेत. रुचा आणि जावई देवांग दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतात, मी नात इलाशी बोलते. इला सहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं अजून एकदाही अडलेलं नाही. सकाळी तिला कोपऱ्यावरच्या थांब्यावर स्कूलबसमध्ये बसवायचं काम माझ्याकडे आहे. नंदूदादा, ही गाडी तुम्ही बघायलाच हवी. पिवळीजर्द, आणि थांबली की लाल दिवे लुकलुकतात, ड्रायव्हरच्या बाजूने 'स्टॉप'ची पाटी कानासारखी बाहेर येते. ती आली की दोन्हीकडचा रस्ता जागच्या जागी गार! एक गाडी हलत नाही, एक हॉर्न वाजत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, परगावची बाई बघून माणसं माझ्यासाठी थांबली आहेत. मी प्रत्येकाला वाकून नमस्कार केला, त्यांनीही हसून हात हलवले. आपल्या कराड–चिपळूण गाडीसाठी घाटात कधी म्हैस तरी थांबली होती का?

पण गाडीत कंडक्टर नाही. मला हे बघवेना. साठीतली एक बाई, मिस पॅट, पाठीवर पांढरी वेणी सोडून एकटीच गाडी चालवते, एकटीच मुलं मोजते. मी आपलं इलाला चढवलं, ती बसली ते खिडकीतून पाहिलं, आणि सवयीने गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. टण टण. डबल बेल, चला. (गर्दीत दोरी हाताला लागली नाही की मी हेच करत असे आणि तुम्ही निमूट गियर टाकत असा.) तर या बाईने निघायचं सोडून इंजिनच बंद केलं. मला वाटलं, ऐकायला कमी येत असेल, म्हणून आणखी दोन थापा जरा मन लावून मारल्या. बाई धाडकन दार उघडून खाली आली आणि विचारू लागली, "मॅम, इज समवन अंडर द बस?"

आता सांगा, आपण आयुष्यभर 'अंदर' म्हणजे आत असंच ऐकलं की नाही? नात आतच बसली होती. मी छाती फुगवून म्हटलं, "येस! माय ग्रँडडॉटर!"

नंदूदादा, त्या बाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. ती सरळ रस्त्यावर पालथी पडून चाकांखाली बघायला लागली. मीही तिच्याशेजारी वाकून बघू लागले (काय शोधतोय ते माहीत नव्हतं, पण एकटीला कसं शोधू द्यायचं?). दोन्हीकडे मिळून अकरा गाड्या उभ्या. शेवटी इलानेच खिडकीला नाक लावून "आजी, आय ॲम हिअर!" असं ओरडून स्वतःला जाहीर केलं. मग मला कळलं की इथे स्कूलबसच्या पत्र्यावर थाप मारणं म्हणजे 'थांबा, मूल चाकाजवळ आहे.' आपली 'चला' ती यांची 'थांबा'! पॅटबाई रागावल्या नाहीत. नुसता माझा हात घट्ट धरला, आणि मग आत जाऊन सगळी मुलं पुन्हा दोनदा मोजली. तेव्हा मात्र मला फार लाज वाटली. मुलाबद्दल इतकं भिणारी बाई चांगलीच असणार. मी दहा पावलं लांब उभी राहीन आणि गाडीला हात लावणार नाही, असा त्यांना शब्द दिला. संध्याकाळी रुचाला शाळेचं ईमेल आलं. तिने ते मला वाचून दाखवलं नाही, नुसतंच कपाळाला हात लावला.

खरी गोष्ट पुढेच आहे. सप्टेंबरात मुलांची बसमधली ड्रिल झाली. आग लागली, धूर झाला, तर बाहेर कसं पडायचं ते शिकवतात. दप्तर जागेवर सोडायचं, मागच्या दाराशी जायचं, काठावर बसायचं आणि घसरून उतरायचं. मग शंभर पावलं लांब जाऊन सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' या लाल अक्षरांखाली मी बावीस वर्षं लोकांची पोती आणि माझा डबा ठेवत आले. तो मार्ग खरंच वापरायचा असतो हे मला इथे समजलं. पण आमची इला काठावर बसली आणि बसूनच राहिली. उंची असेल माझ्या छातीएवढी, तिला ती विहिरीएवढी वाटली. मागे रांग खोळंबली, कुणी तरी हसलं, पोर रडली. दुसऱ्या दिवसापासून तिचं पोट दुखायला लागलं, ते बरोबर बसच्या वेळेला. मग रुचाच तिला सोडू लागली, एका हाताने गाडी आणि कानात मीटिंग. एकदा रात्री जेवताना इला मलाच हळूच म्हणाली, "आजी, आय ॲम द ओन्ली स्केअर्ड वन."

राहिलेल्या मुलांची ड्रिल पुन्हा गेल्या शुक्रवारी व्हायची होती. मी दोन आठवडे आधी घरीच डेपो उघडला. आधी सोफ्याचा हात, मग जिन्याची तिसरी पायरी, मग देवांगच्या मोठ्या गाडीची डिकी. मी स्टीलच्या ताटलीवर चमच्याने सिंगल बेल दिली की बसायचं, डबल बेल दिली की घसरायचं. तिला खेळ इतका आवडला की देवांगलाही तिने डिकीतून उतरवलं. (तो हातातला फोन सोडेना, म्हणून तीनदा नापास झाला.) मी मदतनीस म्हणून शाळेत नाव दिलं. अनुभव काय या रकान्यात देवांगने 'सार्वजनिक वाहतूक, बावीस वर्षं' असं लिहिलं, आणि ते वाचून पॅटबाईंनी स्वतः फोन केला. थापा मारणारी बाई कंडक्टर होती हे कळल्यावर त्या फोनवर पोटभर हसल्या. मग डबल बेल म्हणजे काय ते मी त्यांना नीट समजावलं.

शुक्रवारी मी मागच्या दाराखाली उभी. पाच मुलं भराभर उतरली. सहावी इला. काठावर आली, बसली, आणि थिजली. मी "ये गं बाळा" म्हटलं, उपयोग शून्य. ताटली घरी राहिलेली. आणि गाडीला हात न लावण्याचा मी शब्द दिलेला! मी पॅटबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मान डोलावली. मी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

टण टण.

पोर सुळकन खाली! माझ्या हातात आली, आणि वळून न बघता शंभर पावलं अशी पळाली की मोजणाऱ्यांची धांदल. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली? सगळी मुलं उतरल्यावर आत कुणी झोपलेलं राहिलं नाही ना हे बघायला मला गाडीत पाठवलं, ते काम करून मीही उतरले (त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही). सोमवारपासून इला पुन्हा बसने जाते. मी दहा पावलं लांब, हात मागे बांधून उभी असते. मुलं बसली की पॅटबाई आतून खिडकीच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करतात, माझ्याकडे बघून हसतात आणि मगच गाडी सोडतात.

वहिनींना नमस्कार. भाकरी खा.

तुमची,
शरयू

ता. क. रुचाची मैत्रीण दीपा डिसेंबरात पुण्याहून इकडे परत येते आहे. तिच्या बॅगेत दोन किलोची जागा मी आत्ताच धरून ठेवली आहे. तुमच्या पडवीतली घंटी बरोबर दोन किलोच्या आत बसते. (निरोपाच्या दिवशी तुम्ही ती मिरवायला आणलीत तेव्हा मी उचलून पाहिली होती, तुम्ही हिसकावून घ्यायच्या आधी.)

ता. क. २ घंटी माझ्यासाठी नको आहे. वर जे 'विशेष काही नाही' म्हटलं, ते खोटं आहे. उतरताना मलाही मागच्याच दाराने यायचं होतं. काठावर बसले, खाली पाहिलं, आणि गुडघ्यांनी संप पुकारला. पिशवी पोटाशी घट्ट धरून बसले. पॅटबाई समजावून थकल्या, वीस मुलं बघत होती, मी 'नी पेन, नी पेन' म्हणत होते. तेवढ्यात शंभर पावलांवरची रांग मोडून इला धावत आली. "आजी, बॅग सोड. इट्स ओके, आय वॉज स्केअर्ड टू," म्हणाली, आणि आपल्या एवढ्याशा हाताने तिने पत्र्यावर दोन थापा मारल्या. मी पिशवी सोडली आणि उतरले. नंदूदादा, बावीस वर्षं मी लोकांना डबल बेल दिली, मला कुणी दिली ती ही पहिलीच. तेव्हा घंटी तिचीच आहे, पाठवून द्या.