माँचं सामायिक आणि वजनकाट्याच्या कॉम्प्युटरचा पंखा

जळगाव, भर वैशाख

चि. रुपचंद यास थोरला भाऊ रतनलाल याचा जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. धुळ्यात तुम्ही सगळे कसे आहात, तुझ्या जिनलची परीक्षा कशी गेली, त्या नव्या तेलाने तुझ्या गुडघ्याला काही फरक पडला का (मी सांगितलं होतं, पडणार नाही), ते कळव. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तू फोन स्पीकरवर टाकून सोफ्यावर ठेवतोस आणि शेजारी माँ बसलेली असते, म्हणून. आपला ड्रायव्हर निंबा डाळ घेऊन नरडाण्याला निघाला आहे, तो वाटेत हे तुझ्या हातात देईल.

माँ रागावून तुझ्याकडे आली ती एका पंख्यापायी, एवढं तिने सांगितलंच असेल. माझी बाजू मात्र कोणी सांगितली नसणार. डाळमिलचं ऑफिस आणि माँची खोली यांच्यात एकच भिंत. सकाळी माँ आसन घालून, तोंडाला मुखपत्तीचं फडकं बांधून दोन घटका सामायिकाच्या ध्यानाला बसते, तेव्हा हवेतल्या सूक्ष्म जिवांना त्रास नको म्हणून खोलीतला पंखा बंद. आपल्याकडचा उन्हाळा तुला सांगायला नको. ती घामाने निथळते, पण हूं की चूं नाही. आणि नेमक्या त्याच वेळी तुरीच्या गाड्या वजनकाट्यावर येतात आणि भिंतीपलीकडे कॉम्प्युटरचा पंखा घोंगावायला लागतो. एक दिवस सामायिक आटोपून ती ऑफिसच्या दारात आली आणि म्हणाली, "रतन, माझा पंखा बंद आणि तुझ्या डब्याला वारा? याचं पाप कोणाला?" साठी उलटली तरी माँने रतन म्हटलं की मी खुर्चीतून उठून उभा राहतो. त्याच क्षणी ठरवलं, हा पंखा गप्प करायचाच.

कॉम्प्युटर हलवता येत नाही, काट्याची वायर तिथेच येते. माँला हलवायचं तर तू हलवून बघ. दुरुस्तीवाला समाधान आला, त्याने डब्याला कान लावला (डॉक्टर लावतात तसा) आणि म्हणाला, नवा घ्या, नाहीतर विंडोजच्या आत शिरून पंखा आवरता येतो. मी म्हटलं, शिरतो. डाळीचा दाणा बोटाने दाबून त्यातला ओलावा सांगणारा माणूस मी, एका पंख्याला भिणार आहे होय? शिरलो. पॉवरच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी दोन पर्याय सापडले. पहिल्यात यंत्र तापलं की आधी पंखा वाढतो. दुसऱ्यात यंत्र आधी स्वतःचं काम कमी करतं आणि अगदीच भागेना तेव्हा पंख्याकडे वळतं. रुपचंद, हा दुसरा पर्याय आपल्या जैनांतल्याच कोणीतरी लिहिला असणार. मी हात जोडून तो निवडला. पंखा थोडा नरमलाही. पण यंत्राने संयम इतका मनावर घेतला की एका गाडीची वजनपावती निघेपर्यंत ड्रायव्हर लोकांची आंघोळ उरकायची. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली आणि सगळे मिळून हॉर्न वाजवायला लागले. भिंतीपलीकडे सामायिक चालूच होतं.

मग मी पंखा आवरायचा एक खास प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्यात प्रत्येक पंख्याला एक पट्टी, ती सरकवायची की पंखा हळू. पट्ट्या तीन, नावं कुठल्याच पंख्याला नाहीत. मी अंदाजाने एक शून्यावर नेली आणि काय सांगू, अशी शांतता झाली की मला माँच्या माळेचे मणी ऐकू आले. निंबा तेवढा कुरकुरला, "शेठ, हाई मशीन तपी गयं शे, तेले वारा लागसच." मी त्याला गप्प केलं. थोड्या वेळाने यंत्राने ठणाणा सुरू केला. पंखा परवडला, असा तो आवाज (रिव्हर्स घेणारा ट्रक घरात शिरल्यासारखा). मी ओरडलो, यंत्र आणखी ओरडलं, आणि मग गाडी काट्यावर असताना ते फट्दिशी बंद पडलं. मी जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. माँ त्याच दुपारच्या एसटीने तुझ्याकडे आली.

पण मी हार मानलेली नाही. डबा उघडला, तर आत चुरीचा नि भुशाचा एवढा थर की एक गाय जेवली असती. तो साफ केला. कोणती पट्टी कोणत्या पंख्याची, ते बोटाने पाती अडवून (बोट आता बरं आहे) शोधलं. शून्य सोडून दिलं, नुसतं मंद ठेवलं, आणि सामायिकाच्या वेळी गाड्यांना बाहेर चहा पाजून थांबवायचं ठरवलं. आज चार गाड्या थांबल्या आणि पंख्याचा हुंकारसुद्धा आला नाही. मी त्या भिंतीला टेकून बसलो. पलीकडेही काहीच आवाज नव्हता. बरं वाटलं नाही रे.

घरात सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा
रतनलाल

ता. क. : खरं काम हे. तुझ्या दुकानातही कॉम्प्युटर आहे. मी सांगितलेला प्रोग्रॅम उतरवून घे आणि माँ सामायिकाला बसली की कॉम्प्युटर तिच्या दाराशी नेऊन सगळ्या पट्ट्या उलट्या दिशेने शेवटपर्यंत सरकव, पंखे घोंगावू देत. आठवड्यात ती जळगावला परत येईल. पाप माझं.

ता. क. दुसरा : थांब, पट्ट्यांना हात लावू नकोस. तुझ्या भाभीने, कोकिळाने, हे पत्र वाचलं. ती म्हणते, माँ पंख्याला वैतागून गेलीच नाही. पंख्याचा आवाज तिच्या अंगवळणी पडला होता, तिला माझा आवाज सोसेना. ती म्हणते, तोंड आवरायला विंडोजमध्ये शिरावं लागत नाही, रोज माँशेजारी मुखपत्ती बांधून बसा. मी बसायला तयार आहे, तसं माँला सांग. अडचण एवढीच की घरातल्या सगळ्या मुखपत्त्या माँच्या पेटीत, आणि पेटी तिने तिकडे नेली आहे. निंबा परवा रिकामा ट्रक घेऊन परत फिरेल. त्याच्याबरोबर पेटी पाठव. ती पेटी माँ दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही, हे तुला माहीत आहे.